लोकलमधला गोंगाट, पॉडकास्ट आणि आपला कान

पुणे ते लोणावळा हे लोहमार्गाने ६४ किलोमीटरांचे अंतर आहे. या मार्गावर १९७८ सालापासून लोकल गाड्या धावतात. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशा मावळातल्या स्थानकांवरून कामगार, नोकरदार आणि विद्यार्थी रोज पिंपरी-चिंचवडकडे आणि पुण्याकडे जातात व सायंकाळी परततात. पूर्ण प्रवासाला साधारणपणे सव्वा ते दीड तास लागतो. हा वेळ घालवण्यासाठी पूर्वी डब्यात पत्त्यांचा डाव पडे, भजन रंगे, एकच वर्तमानपत्र चौघांत फिरे. ते आजही अगदीच बंद झालेले नाही. पण आता डब्यावर नजर टाकली, तर निम्म्या लोकांच्या कानांत इअरफोन दिसतात. कोणी गाणी ऐकतो, कोणी क्रिकेटचे समालोचन, तर कोणी पॉडकास्ट.

पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची मालिका. नभोवाणीवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळीच ऐकावा लागतो. पॉडकास्टचा भाग मात्र आपण हवा तेव्हा उतरवून घेतो आणि हवा तेव्हा ऐकतो. हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने एका लेखात प्रथम वापरला. मराठीतही आज असे पुष्कळ कार्यक्रम आहेत. बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ ही मालिका बातमीतला एखादा विषय थोडक्यात उलगडते. ‘अमुक तमुक’मध्ये निवांत, लांबलचक गप्पा असतात. विज्ञानाची आवड असणाऱ्यांना बीबीसी रेडिओवर २००९ साली सुरू झालेला ‘द इन्फिनिट मंकी केज’ हा इंग्रजी कार्यक्रम ठाऊक असेल.

धावत्या गाडीत ऐकताना दोन अडचणी येतात. कधी आवाज तुटतो, तर कधी आवाज बुडतो. पहिली अडचण तंत्रज्ञांनी आपल्यासाठी सोडवली आहे. दुसरी सोडवण्याचा जो मार्ग आपण सारे सहज पत्करतो, तो मात्र धोक्याचा आहे. या दोन्हींमागील भौतिकशास्त्र आपण समजून घेऊ.

आवाज तुटतो का?

लोणावळ्याहून मुंबईकडे निघालेली गाडी बोरघाट उतरू लागते. १८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गावर कर्जतपर्यंतच्या २८ किलोमीटरांत एकामागून एक बोगदे लागतात. तुमच्याजवळ जुना ट्रान्झिस्टर असेल आणि त्यावर आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील केंद्र लागले असेल, तर बोगद्यात शिरताच आवाज नाहीसा होतो. असे का होते?

आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मध्यम लहरींवरील वारंवारता वर्षानुवर्षे ७९२ किलोहर्ट्झ म्हणून श्रोत्यांना परिचित आहे. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ती येते सुमारे ३७९ मीटर. एवढी लांब लहर टेकडीला वळसा घालून पलीकडे सहज पोहोचते, पण बोगद्याच्या काही मीटर रुंदीच्या तोंडातून तिला आत शिरता येत नाही. याउलट मोबाइल फोनच्या ९०० ते २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी सुमारे ३३ ते १३ सेंटिमीटर लांबीच्या असतात. त्या बोगद्याच्या तोंडातून आत जातात, पण मार्ग वळला की भिंतींवर आपटून क्षीण होतात. शिवाय डोंगराआड वळसा घालणेही त्यांना फारसे जमत नाही. म्हणून घाटात फोनवरचे बोलणे मध्येच तुटते.

उतरवून घेतलेल्या पॉडकास्टला ही अडचण नाही. तो आधीच फोनच्या स्मृतीत साठवलेला असतो. आणि त्याला जागाही फार लागत नाही. हिशोब करून पाहू. संगीताच्या सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. एका ध्वनिपथासाठी हे झाले सेकंदाला ७,०५,६०० बिट. पॉडकास्टचे बोलणे मात्र सेकंदाला ६४,००० बिटांतही नीट ऐकू येते, म्हणजे जवळजवळ अकरा पट कमी माहितीत! या दराने अर्ध्या तासाचा भाग १४.४ मेगाबाइटमध्ये मावतो.

मग उरलेली दहा हिश्शांची माहिती गेली कुठे? ती मुद्दाम टाकून दिली. आपल्या कानाचा एक गुण असा आहे, की एका वारंवारतेचा मोठा आवाज चालू असताना तिच्या जवळपासच्या वारंवारतेचा बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाही. मोठ्या आवाजाने लहान आवाजावर जणू पांघरूण घातलेले असते. यालाच आच्छादन म्हणतात. एमपी-३ सारख्या पद्धती नेमके हेच हेरतात. जे कानाला ऐकू येणारच नाही, ते साठवायचे कशाला? गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या या युक्तीमुळे तासन् तासांचे कार्यक्रम खिशात मावू लागले.

म्हणजे पॉडकास्ट आपल्यापर्यंत पोहोचतो तो आच्छादनाच्या कृपेने. पण गाडी सुरू झाली की हेच आच्छादन आपल्यावर उलटते.

आवाज का बुडतो?

लोकलच्या डब्यातला गोंगाट अनेक ठिकाणांहून येतो. चाक आणि रूळ यांच्या घर्षणाचा खडखडाट, रुळांच्या सांध्यांवरचे ठोके, मोटारींची घरघर, उघड्या दारांतून घुसणारा वारा, पावसाळ्यात टपावर कोसळणारी मावळातली सर, आणि अर्थात माणसांचे बोलणे. यातली बरीच ऊर्जा कमी वारंवारतेच्या, म्हणजे खर्जातल्या ध्वनींत असते. आच्छादनाची एक तऱ्हा अशी, की मोठा खर्जातला आवाज वरच्या वारंवारतेच्या आवाजांना सहज झाकतो. उलट दिशेने मात्र हे तितकेसे घडत नाही.

आता आपले बोलणे कसे असते ते पाहा. आ, ई, ओ हे स्वर जोरकस असतात आणि त्यांची बरीचशी ऊर्जा हजार हर्ट्झच्या खाली असते. त, क, स, श यांसारखी व्यंजने दुबळी असतात. त्यांची ओळख पटते ती साधारणपणे २,००० ते ८,००० हर्ट्झमधल्या क्षणिक ध्वनींवरून. गोंगाटात स्वर तरतात आणि व्यंजने बुडतात. ‘साप’, ‘ताप’, ‘काप’, ‘चाप’ या चारही शब्दांत स्वर एकच आहे. शब्दाचा अर्थ ठरवतात ती व्यंजने. ती गेली, की कोणीतरी बोलत आहे एवढे कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही.

मग आपण काय करतो? आवाज वाढवतो. आणि येथेच खरा प्रश्न सुरू होतो.

डेसिबलचा हिशोब

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे एकक साध्या पट्टीसारखे नाही. पातळी १० डेसिबलने वाढली, की ध्वनीची तीव्रता १० पट होते. ३ डेसिबलने वाढली, तर ती सुमारे दुप्पट होते. शांत खोलीत साधारण ३० ते ४० डेसिबल असतात, तर समोरासमोरच्या बोलण्याचे सुमारे ६०. ६० वरून ९० वर जाणे म्हणजे दीडपट नव्हे, तर तीव्रता १,००० पट होणे होय. कानाला मात्र हा फरक एवढा प्रचंड वाटत नाही, आणि म्हणूनच तो फसतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून वैयक्तिक श्रवणयंत्रणांसाठी एक मानक ठरवले आहे. त्यानुसार प्रौढांनी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावे. मुलांसाठी आणि नाजूक कानांच्या व्यक्तींसाठी हीच ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलला आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली, की तीव्रता दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. मुलांसाठी हे कोष्टक असे होते:

७५ डेसिबल – आठवड्याला ४० तास
७८ डेसिबल – २० तास
८१ डेसिबल – १० तास
८४ डेसिबल – ५ तास
८७ डेसिबल – अडीच तास
९० डेसिबल – सव्वा तास

आता लोणावळ्याहून पुण्याला रोज येणाऱ्या एका विद्यार्थ्याचा विचार करू. सोयीसाठी धरू, की डब्यातला गोंगाट ८० डेसिबल आहे आणि त्याचे इअरफोन कानात सैल बसणारे, बाहेरचा आवाज मुळीच न अडवणारे आहेत. फार श्रम न पडता बोलणे समजावे, तर ते गोंगाटाच्या सुमारे १० डेसिबल वर हवे. म्हणजे तो पॉडकास्ट ९० डेसिबलवर ऐकणार. जाताना १ तास २० मिनिटे, येताना तेवढीच. दिवसाला २ तास ४० मिनिटे आणि सहा दिवसांचे १६ तास.

कोष्टकात पाहा. ९० डेसिबलला मुलांची मर्यादा आठवड्याला सव्वा तास आहे. सोमवारी सकाळची गाडी शिवाजीनगर सोडून पुणे स्थानकात शिरत असतानाच त्याचा आठवड्याचा सगळा वाटा संपलेला असतो! प्रौढांच्या मर्यादेनेही त्याला सुमारे ४ तासच मिळतात, आणि तो ऐकतो १६ तास. त्याला यातले काहीही जाणवत नाही. त्याच्या दृष्टीने तो फक्त कोणाच्या तरी गप्पा ऐकत असतो.

कानात काय घडते?

कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखे वेटोळे असते. त्याला कर्णावर्त म्हणतात. त्यात सुमारे १५ ते १६ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांनी त्यांच्यावरील सूक्ष्म केस लवतात आणि मेंदूकडे विद्युत्संदेश जातो. शेतात वाऱ्याने भाताची रोपे लवतात आणि वारा थांबला की पुन्हा उभी राहतात, तसेच हे आहे. पण वारा फार जोराचा आणि फार वेळ वाहिला, तर काही रोपे आडवीच होतात.

मोठा आवाज बराच वेळ ऐकल्यावर कानात शीळ वाजल्यासारखे होते किंवा कानात बोळा बसल्यासारखे वाटते. ही थकलेल्या केशपेशींची सूचना होय. विश्रांती मिळाली की बहुधा बरे वाटते. पण हे पुन्हा पुन्हा घडत राहिले, तर काही केशपेशी कायमच्या मरतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवतात. माणसात त्या उगवत नाहीत. जन्मतः मिळालेले भांडवल आयुष्यभर पुरवायचे असते.

गोंगाटाने होणारी हानी बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते. हा आकडा तुम्ही ओळखलात का? व्यंजनांचा मुलूख तो हाच. म्हणजे आज गाडीच्या खडखडाटात जी अवस्था होते, ऐकू येते पण समजत नाही, तीच अवस्था पुढे शांत खोलीतही कायमची होऊन बसण्याचा हा धोका आहे. जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांना असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे हा धोका आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आवाज वाढवू नका, गोंगाट घटवा

आपल्याला हवे असते ते बोलणे गोंगाटाच्या १० डेसिबल वर. हे अंतर मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, बोलणे वर न्यायचे. दोन, गोंगाट खाली आणायचा. दुसऱ्या मार्गाचा हिशोब करू. कानाच्या भोकात घट्ट बसणाऱ्या रबरी टोकांच्या इअरफोनने कानापर्यंत पोहोचणारा गोंगाट २० डेसिबलने कमी झाला असे धरा. आता कानाशी ६० डेसिबलच गोंगाट उरला. बोलणे ७० वर ठेवले, तरी तेवढेच स्पष्ट समजते. ७० डेसिबल मुलांच्या मर्यादेच्याही आत आहे. ऐकणे तेच, समजणे तेच, पण कानावरचा भार शंभरावा हिस्सा!

गोंगाट घटवण्याची आणखी एक युक्ती म्हणजे ध्वनीनेच ध्वनी खोडणे. एका तरंगाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा एकाच जागी आले, की दोन्ही एकमेकांना नाहीसे करतात. व्यतिकरणाचा हा नियम तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचाल. इअरफोनवरील सूक्ष्म ध्वनिग्राहक बाहेरचा गोंगाट टिपतो आणि यंत्रणा त्याच्या उलट कलेचा ध्वनी तयार करते. पॉल लुएग या जर्मन संशोधकाला या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळाले होते. हेडफोनमध्ये ती आणण्याचे श्रेय मुख्यतः अमर बोस यांना देतात. ते भारतीय वंशाचे अमेरिकन अभियंते. १९७८ सालच्या एका विमानप्रवासात गोंगाटामुळे ऐकता येईना, तेव्हा त्यांनी या प्रश्नाला हात घातला.

ही युक्ती खर्जातल्या आवाजांवर चांगली चालते. २०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १.७ मीटर आहे, आणि अर्धे कंपन व्हायला २.५ मिलिसेकंद लागतात. यंत्रणेला थोडा उशीर झाला, तरी चालून जाते. २,००० हर्ट्झला मात्र तरंगलांबी १७ सेंटिमीटर आणि अर्धे कंपन पाव मिलिसेकंदाचे. तेथे जरासा उशीर झाला, की खळग्याऐवजी उंचवट्यावर उंचवटा येतो. रबरी टोके याच्या उलट वरच्या वारंवारतेचे आवाज चांगले अडवतात. म्हणून दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. महागडे साधन नसले, तरी नीट बसणाऱ्या साध्या रबरी टोकांनीही बरेच काम होते. खिडकीची काच खाली ओढणे आणि दारापासून दूर बसणे, याला तर काहीच खर्च नाही.

कार्यक्रमाची निवडही महत्त्वाची. एक किंवा दोन माणसे सावकाश, सारख्या आवाजात बोलत असतील, तो कार्यक्रम प्रवासाला उत्तम. ‘द इन्फिनिट मंकी केज’ प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित होतो. तेथे मध्येच मोठा हशा पिकतो. हळू बोललेले ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला, की पुढचा हशा कानावर आदळतो. असे कार्यक्रम घरच्या शांततेसाठी ठेवावेत. लहान भागांच्या मालिकेचा फायदा असा, की एक भाग संपला, की कानाला एखाद-दोन स्थानकांपुरती विश्रांती देता येते. विश्रांती हेही औषधच आहे.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. फलाटावर, पुलावर, फाटकाशी आणि रस्त्यावर दोन्ही कान मोकळे हवेत. जे साधन गाडीचा खडखडाट खोडते, ते मागून येणाऱ्या गाडीचा भोंगाही दाबते. ऐकणे डब्यात बसल्यावर सुरू करावे आणि उतरण्यापूर्वी बंद करावे.

करून पाहा

१. एका मित्राला तीन मीटरवर उभे करा आणि तोंडासमोर कागद धरून साप, ताप, काप, चाप, माप हे शब्द उलटसुलट क्रमाने वीस वेळा वाचायला सांगा. तुम्हाला ऐकू आले ते लिहा. नंतर जवळच पाण्याचा नळ बादलीत जोरात सोडून हेच करा. कोणत्या व्यंजनांत गफलत अधिक झाली? मित्राने आवाज वाढवावा हे बरे, की नळ थोडा बंद करावा?

२. रात्री घर शांत असताना फोनवर एखादे बोलणे स्पष्ट समजेल इतकाच आवाज ठेवा. आवाजाची खूण कुठे आहे ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडीत किंवा बसमध्ये तुमचा हात ती खूण किती पुढे नेतो, ते पाहा. एकूण आवाजाच्या ६० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

३. फोनवर ध्वनिपातळी मोजण्याचे विनामूल्य अ‍ॅप मिळते. त्याचे आकडे अगदी काटेकोर नसतात, पण तुलनेला पुरतात. डब्याच्या मध्यभागी, दाराशी, काच उघडी असताना व बंद असताना, आणि गाडी स्थानकात थांबलेली असताना मापे घ्या. शिक्षकांनी वर्गाच्या नोंदी एकत्र करून आलेख काढून घ्यावा.

४. वरील कोष्टकाच्या आधाराने सांगा: शाळेत जाणारी एक मुलगी रोज कामशेतहून चिंचवडला जाताना व येताना मिळून दीड तास, आठवड्यातून सहा दिवस, ८४ डेसिबलवर ऐकते. ती मर्यादेत आहे का? नसेल, तर आवाज निदान किती डेसिबलने कमी करावा?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे: तिचे आठवड्याचे ९ तास होतात, आणि ८४ डेसिबलला मर्यादा ५ तासांचीच आहे. तिने आवाज फक्त ३ डेसिबलने खाली आणला, तर मर्यादा १० तासांची होते आणि तिचे नऊ तास त्यात बसतात. म्हणजे तिला एकही कार्यक्रम सोडावा लागत नाही. खूण थोडी मागे घेतली, की पुरते.